पाचकंदीलला राहिलेली स्कूटर
(धुळ्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘चयापचय आणि कामकरी वयातील सौम्य स्मृतिऱ्हास’. म्हणजे शरीर खाल्लेल्याचं काय करतं, आणि नोकरी-धंद्याच्या वयात थोडं थोडं विसरायला का होतं. विषय मीच दिला होता. छापून आल्यावर मलाच भीती वाटली, तरी तुम्ही एवढे जण आलात. व्याख्यानानंतर भरीत-भाकरी आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे मी गैरसमज करून घेत नाही.

वेळ चाळीस मिनिटांचा आहे. आधी स्कूटरचं सांगतो, पाच मिनिटांत उरकतं. (ते पंचवीस मिनिटं चाललं. – सं.)

तेव्हा मी 47 वर्षांचा होतो. दवाखाना सकाळी साडेनऊ ते दोन आणि संध्याकाळी पाच ते कधीही. रविवारी संध्याकाळी पाचकंदीलच्या बाजारात वांगी घ्यायला गेलो. भरताची, हिरवी, मोठी. जळगाव भागातल्या या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धुळ्यात उभं राहून जळगावचं कौतुक करतोय, पण वांग्यापुढे जिल्ह्याचा अभिमान चालत नाही. आणि ती भाजायची तर पऱ्हाट्यांवरच, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. गॅसवर भाजलेल्याला मी भरीत म्हणत नाही. परवा एकाच्या घरी तर ओव्हनमध्ये... जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे.

दोन किलो वांगी, लसूणपात, मिरच्या. दोन्ही हातांत पिशव्या. समोर रिक्षा उभी होती, बसलो, घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळी खाली उतरलो तर स्कूटर नाही. मी थेट पोलीस ठाण्यात. हवालदारांनी शांतपणे विचारलं, “डॉक्टर, गाडीचा नंबर?” एमएच 18 एवढं आलं. पुढे काहीच नाही. अकरा वर्षं वापरलेली गाडी हो! त्यांनी कागद मागितले. म्हटलं, डिकीत आहेत. ते लिहायचे थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “चहा घेता का?” मी घेतला. हा चहा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तक्रार अर्धी झाली तोवर दवाखान्यातून फोन आला. वांगीवाल्या मावशी माझ्या पेशंट. कंपाउंडरला म्हणाल्या, “डाक्टरनी गाडी तं आठेच शे! रातभर मना पोऱ्यानी राखी.” (गाडी तर इथेच आहे, रात्रभर माझ्या पोराने राखली. – सं.) हवालदारांनी पेनाला टोपण लावलं. आठवडाभर प्रत्येक दुसरा पेशंट आधी विचारायचा, “डॉक्टर, गाडी कुठं लावली?”

मी हसत होतो, पण घाबरलो होतो. औषधाचं नाव जिभेवर येऊन अडायचं. गोळ्या लिहिताना हात मध्येच थांबायचा. आईने बदाम भिजत घातले. मित्राने ब्राह्मी आणून दिली. बायको म्हणाली, मोबाइल कमी करा. पण माझी कंबर मोजा, असं एकही जण म्हणाला नाही. डॉक्टर असून मलाही सुचलं नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. विसरायला लागलं की आपण थेट डोक्याकडे बघतो. पोटाकडे कोणी बघत नाही, विशेषतः माणूस बारीक दिसत असेल तर.

माझं वजन 68 किलो. शर्ट बाहेर सोडला की सडपातळ. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. काटा सारखा, आतला माल वेगळा. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 झाली की सावध व्हायचं.

माझी निघाली 98. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, 6.3. मधुमेहाच्या उंबरठ्यावर, साडेसहाला दार उघडतं. रक्तदाब 146/92. बी-12 जीवनसत्त्व तळाला. झोप पाच तास. आणि तो चहा. मी ‘अर्धाच’ घेतो असं सगळ्यांना सांगायचो. बायकोने एक दिवस मोजले: नऊ अर्धे, दोन-दोन चमचे साखर. अठरा चमचे तिने काट्यावर टाकले, 81 ग्रॅम. दिवसभराची साखर 50 ग्रॅमच्या आत असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, जमल्यास 25. शेवभाजीच्या तर्रीवर मी आज बोलणार नाही, इथे हॉटेलवाले बसलेत.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ बरं, आता विषय.

मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण विसाव्याला लागणाऱ्या ऊर्जेतली सुमारे वीस टक्के एकटा खातो. घरातला सगळ्यात खादाड भाडेकरू. त्याला साखर पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या केसाहून बारीक. वाढलेला दाब आणि वाढलेली साखर वर्षानुवर्षं त्याच झिजवतात. शिवाय स्मरणाचं काम करणाऱ्या भागात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारा स्राव, ओळखणाऱ्या पेशी भरपूर आहेत. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की तिथलंही काम बिघडत असावं, असं बरंच संशोधन सुचवतं.

हे म्हातारपणाचं दुखणं नाही का? ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा मोठा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 45 ते 49 वयाच्या लोकांची तर्क करण्याची क्षमता दहा वर्षांत 3.6 टक्क्यांनी घसरलेली दिसली. पण घाबरू नका. सौम्य स्मृतिऱ्हास हे निदान वेगळं आहे. चाचणीत घट दिसते, रोजचे व्यवहार मात्र स्वतःचे स्वतः चालतात. माझ्या तरुण सहकाऱ्याने माझी तीस गुणांची चाचणी घेतली. घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. पाच शब्द लक्षात ठेवा. मला तीनच आठवले. एकूण 27. सव्वीसला पास. म्हणजे आजार नव्हता, थकलेला, अपुरा झोपलेला, गोड माणूस होता.

आता उपायांचं खरं सांगतो. वरचा रक्तदाब 120 च्या खाली ठेवला तर काय होतं, हे अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांवर तपासलं. 2019 मध्ये निकाल आला: सौम्य स्मृतिऱ्हास 19 टक्क्यांनी कमी. स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे रोजचे व्यवहारही अडवणाऱ्या आजाराचा, फरक मात्र ठाम म्हणण्याइतका निघाला नाही. त्यात मधुमेही घेतलेच नव्हते. मधुमेहींची साखर औषधांनी खूप खाली खेचण्याचा वेगळा प्रयोग झाला, त्यात बुद्धीला फायदा दिसला नाही. म्हणजे उशिरा दामटून उपयोग नाही, आधीच जपावं लागतं, असा माझा अर्थ. माझा, शास्त्राचा नव्हे. 2024 च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली. त्यात मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा आणि कोलेस्टेरॉल हे चारही आहेत. आपल्या देशात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दहा कोटी मधुमेही आणि साडेतेरा कोटी उंबरठ्यावर. या सभागृहाचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरी चिठ्ठी. ‘वाढप सुरू.’

माझं पुढे काय झालं? आठ महिन्यांत कंबर 91, एचबीएवनसी 5.8. नावं आठवू लागली. चहा सुटला, झोप वाढली, बी-12 ची इंजेक्शनं घेतली, पांझरेच्या काठाने चालायला लागलो. श्रेय कोणाला द्यायचं ते मला कळत नाही. आई बदामांना देते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-12 तपासून घ्या, ती गोळी ते कमी करते. आणि विसरणं झपाट्याने वाढत असेल, ओळखीचा रस्ता चुकत असेल, तर माझी गोष्ट ऐकून हसू नका, डॉक्टरांकडे जा.

दाराशी शिंप्याची टेप ठेवलीय. ताट घेण्याआधी मोजायचं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या बरोबर मध्ये. श्वास सोडल्यावर. पोट आत ओढलेलं मला इथून दिसतं, अध्यक्षमहाराज, तुमचंसुद्धा.