श्रीमंत म्हणजे नक्की कोण?

(काळा घोडा सर्कल, सकाळची गर्दी)

हा काळा घोडा. बडोद्यात रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरे. घोड्यावर बसलेत ते सयाजीराव, पण आमच्या दांडिया बाजारातल्या आजींसमोर नुसतं सयाजीराव म्हणायची सोय नाही, श्रीमंत सयाजीराव महाराज म्हणायचं. आमचा कॅमेरावाला पोरगा पुण्याचा, तो पटकन बोलून गेला, ‘श्रीमंत तर असणारच ना आजी, एवढा पॅलेस आहे!’ त्यावर आजींनी जे बघितलं ते बघा.

(आजींचा क्लोजअप, पाच सेकंद)

आता श्री म्हणजे लक्ष्मी हे खरंच, पण शोभा, तेज हेही श्रीच. बुद्धी असेल तो बुद्धिमंत, तसा श्री असेल तो श्रीमंत. पेशव्यांना श्रीमंत म्हणायचे, आणि पहिल्या बाजीरावांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, सावकारांच्या तगाद्याने जीव मेटाकुटीला आलेला, तरी ते श्रीमंतच! खिशात किती आहेत याचा हिशोब त्या हाकेत कोणी धरतच नव्हतं. तो आपण नंतर घुसवला.

(लक्ष्मीविलास पॅलेस, बाहेरून. मनोरा. हिरवळ.)

लक्ष्मीविलास. आर्किटेक्ट मेजर मँटने सुरू केला, त्याच्या मागे चिझमने पूर्ण केला, १८९० मध्ये. बकिंगहॅमच्या किती पट वगैरे सांगायला रील्स आहेतच. आम्हाला वेगळीच गंमत वाटली. जन्मापासून पैशात लोळणाऱ्याला मराठीत गर्भश्रीमंत म्हणतात, आणि हा पॅलेस बांधून घेणारा माणूस गर्भश्रीमंत नव्हताच. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ, जन्म १८६३, घरी शेती. १८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याचे महाराज मल्हारराव यांना गादीवरून काढलं, मग त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या राणी जमनाबाईंनी या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं आणि गोपाळचा श्रीमंत सयाजीराव झाला. खंडेरावांचा मोत्यांचा गालिचाही दाखवला असता, पण तो कधीच देशाबाहेर गेला, २००९ मध्ये दोह्याला लिलावात विकला गेला.

(सेंट्रल लायब्ररी, काचेची जमीन, खालून येणारा उजेड)

आजींचं म्हणणं, महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, त्यामुळे त्यांच्या आज्जीला शाळेत जाता आलं, म्हणून ते श्रीमंत. आम्ही वाद घातला नाही.

(टेबलावर गुलाबी कार्ड)

आणि हे कार्ड. शेजारच्या गुजराती घरातून आलंय, वर ठळक छापलंय ‘श्रीमंत’. पोरगा विचारतो, हे पण राजघराण्यातले का? अरे बाबा, सून गरोदर आहे! आपलं डोहाळजेवण तसं त्यांचं श्रीमंत, खोळो भरायचा कार्यक्रम. मूळ संस्कार सीमंतोन्नयन, सीमंत म्हणजे भांग, होणाऱ्या आईचा भांग पाडायचा, आणि बोलता बोलता सीमंतचं श्रीमंत झालं. म्हणजे बडोद्यात खरोखरचं गर्भश्रीमंत बाळ बघायचं असेल तर ते शेजारी आहे, अजून जन्माला यायचंय :)

याच शब्दाच्या बाईचं मात्र वेगळंच झालं. श्रीमती. गुजराती कार्डावर ती सुवासिनी, आपल्या मराठी पत्रिकेवर नवरा असेल तर सौ. आणि नवरा गेला की श्रीमती. आजींच्या दारावरची पाटी दिसतेय.

(पाटी. आवाज नाही.)

१९७१ मध्ये घटनादुरुस्ती झाली, राजांचे तनखे आणि मान्यता गेली. दांडिया बाजारातली हाक तीच राहिली.

(आजी, हातात पाकीट, खण, नारळ)

गुरुवारी शेजारचं श्रीमंत. आजी पाकिटात एकशे एक घालतायत, वरचा एक रुपया सापडत नाहीये. पोरगा कॅमेरा एका हातात धरून दुसऱ्या हाताने खिसे चाचपतोय, म्हणून इथे फ्रेम हललीये. ठेवलीय तशीच.