कंगेकचा आरोन: अंथरुणातून वाचवलेल्या गोष्टी

(काळोख. चरबीच्या दिव्याची ज्योत हळूहळू स्पष्ट होते.)

ग्रीनलंडचा पश्चिम किनारा. हिवाळ्यातली रात्र. दगडमातीच्या जाड भिंतींचं बुटकं घर. मऊ दगड कोरून केलेला पसरट दिवा, त्यात सीलची चरबी आणि कडेनं शेवाळाची वात. वात काजळली की घरातली बाई ती काडीनं सारखी करते. आणि कुणीतरी गोष्ट सांगत असतं.

जुनी गोष्ट मनाला येईल तशी वळवायची नसे. ऐकणाऱ्यांना ती पाठ असायची. शब्द इकडचा तिकडे झाला, की तिथल्या तिथे टोकायचे. हातात एकही पान नसताना इनुइट, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या त्या अशा, कानांच्या पहाऱ्यात.

पण एकोणिसाव्या शतकात कानच कमी होऊ लागले. क्षयानं घरंच्या घरं रिकामी होत होती. ख्रिस्ती मिशनच्या लोकांना त्या गोष्टींमधली भुतंखेतं आणि अंगाकोक, म्हणजे समुद्राच्या तळाशी जाऊन येणारे मांत्रिक, नको होते.

(नूकचं बंदर. जुन्या छापखान्याचे खिळे.)

हे नूक, आजची ग्रीनलंडची राजधानी. डेन्मार्कच्या अमलात याचं नाव होतं गोथोब. १८५७ साली हिन्रिक रिंक इथे दक्षिण ग्रीनलंडचा इन्स्पेक्टर, म्हणजे डॅनिश प्रशासक झाला. मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. त्यानं एक लहानसा छापखाना थाटला आणि १८५८ मध्ये किनाऱ्यावरच्या वस्त्यांना आवाहन धाडलं: तुमच्या गोष्टी तुमच्याच भाषेत लिहून पाठवा. नकाशे काढा, चित्रं काढा.

इथे जरा थांबायला हवं. त्या काळी साहेब वही घेऊन यायचा, लोकांना बोलतं करायचा आणि स्वतःच्या भाषेत ग्रंथ लिहायचा. इथे लेखणी लोकांच्याच हातात होती. मिशनच्या शाळांमुळे अनेकांना लिहितावाचता येत होतं. ज्या अक्षरांनी ते प्रार्थना वाचत, त्याच अक्षरांत त्यांनी आपल्या जुन्या गोष्टी लिहून काढल्या.

(खाडीच्या तोंडाशी ओसाड बेट. पडक्या भिंती.)

नूकच्या खाडीच्या तोंडाशी हे कंगेक. आज इथे कुणी राहत नाही. १८२२ मध्ये इथेच आरोनचा जन्म झाला. सीलची शिकार करणारा, कयाक नावाची निमुळती होडी चालवणारा माणूस. क्षयानं त्याला अंथरुणाला खिळवलं. शिकाऱ्याच्या घरात शिकारीच अंथरुणावर पडला, की चूल कशी पेटायची?

रिंकनं त्याला कागद, रंग आणि लाकडाचे ठोकळे पाठवले. आरोन पडल्यापडल्या चित्रं काढू लागला. आपल्या लोकांच्या गोष्टीही त्यानं स्वतः लिहून काढल्या.

(हाताचा क्लोज-अप. लाकडावर पातं. बारीक ढलप्या.)

लाकडावर चित्र कोरायचं म्हणजे सगळं उलटं. कागदावर उजवीकडे दिसायला हवं, ते ठोकळ्यावर डावीकडे. जे पांढरं राहायला हवं ते खरवडून काढायचं. जे उरतं त्यालाच शाई लागते. माणसाच्या हातातला भाला दिसायला हवा, तर भाल्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड जपून काढायचं. पातं केसभर घसरलं की भाला तुटला. खोकल्याची उबळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या माणसानं हे काम केलं.

आणि या भागात झाडं उगवत नाहीत. लाकूड म्हणजे समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत येईल ते. लाकडाची एवढी किंमत असलेल्या मुलखात त्याच्या हातात ठोकळे आले होते.

(खिळे जुळवणारी बोटं. ओला छापलेला कागद.)

१८५९ साली पहिला खंड निघाला: ‘कालाल्लित ओकालुक्तुआल्लिआइत’, ग्रीनलंडच्या लोकांच्या गोष्टी. मजकूर ग्रीनलंडी भाषेत, सोबत डॅनिश भाषांतर आणि आरोनची लाकडी ठशांची चित्रं. छपाई केली लार्स म्योलरनं. त्याचा जन्म १८४२ चा, म्हणजे तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा पोरगा. देखरेख रास्मुस बेर्थेल्सन या शिक्षकाची. दोघंही ग्रीनलंडचेच. १८६३ पर्यंत चार खंड झाले. मधेच, १८६१ मध्ये, याच छापखान्यातून ग्रीनलंडी भाषेतलं वर्तमानपत्र सुरू झालं, आणि पुढे म्योलर त्याचा संपादक झाला.

चित्रं नीट पाहा. गोष्ट सांगणारा कधी सांगत नाही, की दिवा घरात कुठे ठेवायचा, कयाकमध्ये माणूस कसा बसतो, कातडी कपड्याची टोपी डोक्यावर कशी बसते. ऐकणाऱ्यांना ते ठाऊकच असतं. आरोनचं चित्र मात्र ते सगळं दाखवतं. म्हणून ही चित्रं मला गोष्टींची नुसती सजावट वाटत नाहीत. गोष्टीनं जे गृहीत धरलं, ते चित्रांनी जपलं.

१८६९ साली आरोन गेला. वय ४६.

(वस्तुसंग्रहालय. जलरंगातली चित्रं.)

मूळ चित्रांपैकी बरीच कोपनहेगनला गेली आणि शंभराहून अधिक वर्षं तिथेच राहिली. १९७९ मध्ये ग्रीनलंडला स्वराज्य मिळालं. १९८२ मध्ये आरोन आणि कंगामिउत गावचा चित्रकार येन्स क्रॉइत्समान यांची जलरंगातली दोनशेहून अधिक चित्रं नूकच्या संग्रहालयात परत आली. डेन्मार्कनं ग्रीनलंडला परत केलेल्या ठेव्यातली ही अगदी पहिली चित्रं.

(पुन्हा दिव्याची ज्योत. निवेदनाचा आवाज खाली येतो.)

रिंकनं जमवलेल्या गोष्टींत एक कासासुकची आहे. पोरका मुलगा. त्याला घरात घेत नसत. बाहेरच्या बोळात कुत्र्यांबरोबर निजायचा. कधी आत घ्यायचंच झालं, तर पुरुष त्याच्या नाकपुड्यांत बोटं घालून उचलायचे. नाकपुड्या मोठ्या झाल्या, तो मात्र वाढेना. एका गरीब म्हातारीनं त्याला सांभाळलं.

एक दिवस तो डोंगरात एकटाच गेला आणि बळाच्या स्वामीला हाक मारली. एक अजस्र प्राणी आला. त्यानं शेपटीचा विळखा घालून कासासुकला आपटलं, तशी पोराच्या अंगातून सीलची बारकी हाडं गळून पडली. वाढ खुंटवणारी हाडं. रोज तो जायचा, रोज काही हाडं पडायची. आपल्या अंगात बळ आलंय हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मग हिवाळ्यात बर्फावर तीन अस्वलं दिसली. सगळे पुरुष धावले. कासासुकनं म्हातारीकडे तिचे चांगले बूट मागितले. तिनं ते त्याच्याकडे फेकले आणि टोमणा मारला, “मग त्याबदल्यात मला एक कातडं आण अंथरायला, आणि एक पांघरायला.”

त्यानं बूट घातले आणि निघाला.

(ज्योत स्थिर. बाहेर वाऱ्याचा आवाज.)