घरच्या सर्व्हरवरचा हिशेब: ताळा कुठे तुटतो

घरखर्चाचा हिशेब दुसऱ्याच्या ॲपवर न ठेवता घरातल्याच यंत्रावर ठेवायचा, तर तो सर्व्हर उभा करायला एक संध्याकाळ पुरते, हे आधीच सांगतो. जुना लॅपटॉप किंवा २ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), त्यावर डॉकर (सॉफ्टवेअर आपापल्या बंद डब्यात चालवणारं साधन), आणि त्यात ॲक्च्युअल बजेट नाहीतर फायरफ्लाय थ्री हे हिशेबाचं सॉफ्टवेअर. खरा वेळ खातं ते बँकेचं स्टेटमेंट. बँकेचे एसएमएस वाचून खर्च टिपणाऱ्या ॲपला परवानगी नाकारली की नोंदी आत आणण्याचं काम आपल्याच अंगावर येतं. खातेदाराच्या संमतीनं बँकेतली माहिती दुसरीकडे पोचवणारी रिझर्व्ह बँकेची अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था आहे खरी, पण तिच्यातून माहिती मिळते ती कुठल्या तरी वित्तीय नियामकाच्या देखरेखीखालच्या संस्थेला. तुमच्या कपाटावर ठेवलेल्या यंत्राला नाही. तेव्हा महिन्यातून एकदा नेटबँकिंगमधून स्टेटमेंटची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) हातानं उतरवायची.

ही फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. एक्सेल त्याचं ५.१२ई+११ असं काहीतरी करून टाकतं आणि सेव्ह केलं की मूळ अंक गेले. वरच्या नाव-पत्त्याच्या ओळी काढायच्या तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये काढा. दुसरी खोड तारखेची. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, पण आयातीचा साचा अमेरिकी पद्धतीचा राहिला तर ती होते ४ मार्च. गंमत अशी, की १२ तारखेपर्यंतच्या नोंदी बिनबोभाट भलत्या महिन्यात जाऊन बसतात. तक्रार सुरू होते ती १३ तारखेपासून. तोवर अर्धा महिना बिघडलेला असतो.

आता इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात या. भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाची एक प्लेट घेतली, ४० रुपये स्कॅन करून दिले. थोड्या वेळानं त्याच ठेल्यावर आणखी एक, पुन्हा ४०. तारीख तीच, रक्कम तीच, आणि बँकेनं तपशिलात संदर्भ क्रमांक छापला नसेल तर मजकूरही तोच. मजकुरावरून दुबार नोंद ओळखणारी आयात दुसरी प्लेट गाळून टाकते. उलट बँकेनं पुढच्या वेळी तपशील जरा वेगळा छापला, तर एकच नोंद दोनदा चढते. म्हणून संदर्भ क्रमांकाचा रकाना असेल तर ओळख त्यावरून ठरवा, आणि आयात झाली की स्टेटमेंटची शेवटची शिल्लक सॉफ्टवेअरमधल्या शिलकेशी लावून बघा. ४० रुपयांचा फरक आला तर काय गळलं ते लगेच कळतं. सहा महिन्यांनी बघाल तर नाही कळायचं.

क्रेडिट कार्डाचं बिल भरणं हा खर्च नव्हे. कार्डानं १८,४०० रुपयांची खरेदी झाली तेव्हाच खर्च पडला. बचत खात्यातून बिल भरलं तो नुसता वर्ग. खतावणी लिहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीचे मात्र हमखास दुप्पट खर्च दाखवतात. सुरुवातीची शिल्लक १ एप्रिलची घ्या, म्हणजे आयकराच्या वेळी वर्ष तोडावं लागत नाही.

बसवताना अडतं ते थोडक्यात. ॲक्च्युअल ५००६ पोर्टवर चालतं, पण फोनवरून साध्या एचटीटीपीनं घरच्या आयपीवर उघडायला जाल तर अडून बसतं. त्याला एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) जोडणी लागते. फायरफ्लायची ॲप-की (सेटिंगमध्ये द्यायची गुप्त किल्ली) बरोबर ३२ अक्षरांची हवी, आणि ती कागदावर लिहून ठेवा, कारण ती हरवली की जोडलेली बिलं बॅकअपमधूनही उघडत नाहीत. डॉकर कंपोजच्या आज्ञेनं हे सगळं बंद करताना ‘डाऊन’पुढे ‘-व्ही’ लावलं तर डेटाबेसचा व्हॉल्यूमही, म्हणजे सगळ्या नोंदींची साठवणही जाते.

घराबाहेरून हिशेब बघायचा असेल तर राउटरवर पोर्ट उघडू नका. वायरगार्ड घ्या, म्हणजे फोनपासून घरापर्यंत खासगी बोगदा (व्हीपीएन). ब्रॉडबँडवाल्यानं स्वतंत्र आयपी दिला नसेल तर टेलस्केल. त्यात ओळखपाळख त्यांच्या सर्व्हरवर होते, पण मजकूर कुलूपबंदच जातो.

बॅकअपसाठी चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी केल्या तर अर्धवट प्रत हाती लागते, म्हणून डंप घ्या, म्हणजे डेटाबेसनं स्वतः काढून दिलेली पूर्ण प्रत. तो कुलूपबंद करून पेनड्राइव्हवर टाका, आणि पेनड्राइव्ह त्याच यंत्राशेजारी नको. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या यंत्रावर तो उतरवायचा, आणि पासबुकातली शिल्लक तिथंही दिसली तरच जुना डंप पुसायचा.