क्रियापदाचा कर्ता कोण?

स्त्रीवादी समीक्षा म्हटलं की व्याख्यानाचा बहुतेक वेळ सिमोन द बोव्हार आणि केट मिलेट या स्त्रीवादी विचारवंतांवर जातो, आणि कथेला हात लागतो तो शेवटच्या पाच मिनिटांत. आज उलटं करू. केट शोपॅन या अमेरिकन लेखिकेची १८९४ सालची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ घेऊ. जेमतेम हजार शब्दांची कथा. मिसेस मॅलर्डचं हृदय कमकुवत आहे. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी तिला जपून सांगितली जाते. ती रडते, वर खोलीत जाऊन एकटी बसते, आणि तिथं दुःखाबरोबरच सुटकेची जाणीव तिला गाठते. खाली येते तर दारात नवरा! तो अपघाताच्या जवळपासही नव्हता. ती मरते. डॉक्टर निदान करतात: जिवावर बेतणारा आनंद.

पहिल्यांदा कथा नुसती वाचा. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घ्या आणि दोनच गोष्टी खुणवा: बाईला कुठं काय म्हटलंय, आणि वाक्याचा कर्ता कोण.

सुरुवातीला ती ‘मिसेस मॅलर्ड’ आहे. मग बराच वेळ नुसती ‘ती’. ‘लुईज’ हे तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदा ऐकू येतं ते सुटकेची जाणीव होऊन गेल्यावर, बहीण जोसेफीन दाराबाहेरून हाक मारते तेव्हा. आणि शेवटी नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स झेप घेतो ती नवऱ्याला ‘त्याच्या बायकोच्या’ नजरेआड करायला. म्हणजे नाव मिळालं आणि पानभरात गेलंही.

आता कर्ता. पहिल्याच वाक्यात बातमी हळुवार सांगण्याची ‘काळजी घेण्यात आली’. कोणी घेतली? वाक्य सांगत नाही. खोलीत गेल्यावर ती लगेच कर्ती होते असं लिहून मोकळे होऊ नका. तिथंही आधी सुटकेची जाणीवच चालून येते आणि लुईज तिला परतवू पाहते. ‘मोकळी’ हा शब्द ओठांवर आल्यानंतर वाक्यं तिच्या ताब्यात येतात. मग नवरा दारात येतो, आणि तिथून पुढं निवेदकाकडून तिच्या वाट्याला एकही क्रियापद नाही. जोसेफीन किंचाळते, रिचर्ड्स आड येतो, डॉक्टर येतात. ती मेली हे निवेदक स्वतः सांगतच नाही, डॉक्टरांच्या तोंडून कळतं. माझ्या मते कथेचा सगळा उपरोध या वाक्यरचनेत आहे.

मराठी कथेला हीच पेन्सिल जास्त चालते. ‘तिचं लग्न झालं’, ‘तिला सावंतवाडीला दिली’, ‘तिनं लग्न केलं’: घटना एक, कर्ते तीन, त्यातला एक बेपत्ता. आपल्याकडं गोव्यात आणखी एक गंमत आहे. घरी कोकणी बोलणारे आपण लहान वयाच्या मुलीला ‘तें’ म्हणतो. गोव्यातल्या मराठी कथेचे संवाद कोकणीत असतील तर ‘तें’ची ‘ती’ कुठं होते ते बघा. वय वाढल्यावर, लग्न झाल्यावर की कोणाशी भांडल्यावर? असा धागा पुण्याच्या कथेत सापडणार नाही.

चुका कुठं होतात? सगळ्यात मोठी, खलनायक शोधण्याची. ब्रेंटली मॅलर्ड दुष्ट नाही. त्याचे हात मायेचे होते, त्यानं तिच्याकडं कधी प्रेमाशिवाय पाहिलं नाही, हे कथाच सांगते. नवरा जुलमी ठरवलात की कथा हातची गेली. चांगल्या नवऱ्याच्या घरातसुद्धा दुसऱ्याची इच्छा आपल्याला वाकवत असते, हे कथेचं म्हणणं आहे. दुसरी चूक चरित्राची. शोपॅनचे वडील १८५५ साली रेल्वे अपघातात गेले. माहीत असावं, पण त्यावर निबंध उभा करू नये.

तिसरी चूक कायद्याची, आणि ती गोव्यात हमखास होते. ‘बाईच्या नावावर काही नाही’ हे वाक्य आपण सवयीनं लिहितो. इथं मात्र १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची, निम्मी-निम्मी, आणि स्थावर विकायला दोघांची संमती लागते. मूळ संहितेत कारभार मात्र नवऱ्याकडं. तेव्हा जुन्या गोव्यातल्या कथेत घर कोणाचं हे विचारून भागत नाही. हिशेबाची वही कोणाकडं, आणि विक्रीखतावर सही करताना तिला कागद वाचून दाखवला का, हे शोधा. बेळगावच्या कथेला हा प्रश्न तसाच लावाल तर फसाल.

संवादही मोजा, पण आकड्यावर निकाल देऊ नका. कमी बोलणारी बाई दबलेलीच असते असं नाही. लुईज कथाभर दुसऱ्या माणसाशी एकदाच बोलते. जोसेफीन कुलपाच्या भोकाला ओठ लावून विनवतेय, दार उघड, आजारी पडशील. त्यावर आतून उत्तर येतं: जा तू, मी काही आजारी पडत नाहीये.