डब्यात दाभण कशाला?

(कोथरूडमध्ये एअर रायफल शिकणाऱ्या मुलांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी नेमबाज नाही, हे आधीच सांगून टाकतो. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. मुलगी नेमबाजी करायला लागली तेव्हा ती रायफल धरायची आणि मी पेटी. तिचं नेमबाजीचं वेड पुढे सुटलं, माझी पेटी काही सुटली नाही. आता रायफल कुरकुरली की पोरं म्हणतात, "काकांकडे जा." तर आज स्कोअर कसा वाढवायचा हे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मॅचला निघताना दुरुस्तीच्या डब्यात काय घ्यायचं आणि काय घरी ठेवायचं, एवढंच मला येतं.

माझा पहिला डबा सात-आठ किलोंचा होता. काय काय मोडू शकतं याची यादी केली आणि सगळं भरलं. हातोडीसुद्धा! एअर रायफलच्या मॅचला हातोडी घेऊन जाणारा पुण्यातला मी एकटाच बाप असेन. आणि एवढं करून, एका छोट्या मॅचला, सायटिंगचे, म्हणजे नेम जुळवून बघायचे, शॉट चालू असताना रायफलीच्या हवेच्या सिलिंडरच्या जोडापाशी बारीक आवाज यायला लागला. सूंऽऽ... प्रेशरचा काटा डोळ्यांदेखत खाली.

मी खूश! कारण माझ्याकडे जोडातली हवा अडवणाऱ्या सहा रबरी ओ-रिंगा होत्या, बोहरी आळीतून आणलेल्या, पुडी अजून उघडलेलीही नव्हती. रेंज ऑफिसरना सांगून रायफल मागे घेतली, सिलिंडर उतरवला, रिंग बदलली, पुन्हा चढवला. सूंऽऽ. दुसरी रिंग. सूंऽऽ. साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं असतात आणि ते घड्याळ आपल्या ओ-रिंगेसाठी थांबत नाही. शेवटी शेजारच्या मुलाच्या वडिलांनी त्यांच्या डब्यातली एक दिली, तेव्हा कुठे हवा थांबली. घरी येऊन व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेणारी पट्टी, लावला. मूळ रिंगेची जाडी 2 मिलिमीटर, माझ्या पुडीतल्या 1.78. एक मेट्रिक मापाची, एक इंची मापाची. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण 220 मायक्रॉन म्हणजे आमच्या टूलरूममध्ये डोंगर. दुकानदाराचा काय दोष? मी जुनी रिंग न नेता बोटांनी माप दाखवून आलो होतो. एकतीस वर्षं पोरांवर "माप घे रे" म्हणून ओरडलेला माणूस!

त्या दिवसापासून माझ्या डब्याला एक नियम लागला. जो पार्ट मी स्वतःच्या हाताने एकदा बसवून, वीस-पंचवीस शॉट मारून पाहिलेला नाही, तो डब्यात जात नाही. पुढची गंमत अशी, की नवा पार्ट आणला की तो रायफलीत बसतो, आणि आधीचा, चांगला चालणारा, डब्यात जातो. लोक उलट करतात. नवाकोरा पार्ट पाकिटासकट मॅचला नेतात आणि पहिल्यांदा उघडतात तो घाम फुटलेला असताना. स्प्रिंग, सायटचे (नेम धरायच्या साधनाचे) स्क्रू, नळीच्या टोकाकडच्या फोरसाइटची रिंग, या सगळ्यांना हे लागू. ओ-रिंग मात्र अपवाद. वापरलेली रिंग दबून चपटी झालेली असते, ती फेकायची. तिथे एकाच पुडीतली एक बसवून बघायची आणि उरलेल्या न्यायच्या. ट्रिगरला बॅटरी असेल तर तीही नवीच.

तुम्ही म्हणाल, मोठ्या नेमबाजांचं असं होत नसेल. मनू भाकर आठवते? टोकियो, 2021. दहा मीटर एअर पिस्तूलची पात्रता फेरी चालू असताना तिचं पिस्तूल बिघडलं. तिला जागा सोडून दुरुस्तीला जावं लागलं, मोलाची मिनिटं गेली, आणि उरलेले शॉट घाईत मारावे लागले. 575 गुण झाले, फायनल दोन गुणांनी हुकली. त्याच मुलीने 2024 मध्ये पॅरिसला त्याच प्रकारात ब्राँझ घेतलं. ऑलिंपिकलासुद्धा पार्ट सांगून मोडत नाही.

आता अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी खाचेच्या स्क्रूंची चावी. मी सगळा संच नेत नाही. तुमच्या रायफलीला कोणत्या मापाच्या चाव्या लागतात ते एकदा घरी बसून बघा. तीन-चारच निघतात. प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा ठिपका लावा आणि तेवढ्याच न्या. नेमबाजीत मॅच चालू असतानाच चावी फिरवावी लागण्याची वेळ पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये येते. कांबळवाडीच्या आपल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 451.4 गुणांवर ब्राँझ घेतलं तो हा प्रकार. गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं. प्रत्येक पोझिशनला खांद्याला टेकणारी बटप्लेट आणि गालाला टेकणारं चीकपीस हलवायचं. तिथे माणूस चावी शोधत बसला तर संपलंच.

अ‍ॅक्शनचा, म्हणजे रायफलीची यंत्रणा दस्त्याला धरून ठेवणारा, स्क्रू किती आवळायचा? मॅन्युअलमध्ये आकडा असतो, टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून आवळणारा पाना, लावून तेवढाच. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याला रायफल देऊ नका, मलाही देऊ नका. एकदा आवळला की स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. मुलीची गुलाबी बाटली मी त्यासाठी पळवली होती. चांदणी चौकातून दुचाकीवर बालेवाडीच्या रेंजला जाताना खड्ड्यांनी काय हललं, हे त्या रेघेवरून कळतं. रेघ तुटली म्हणजे स्क्रू फिरला. रेघ सलग असेल तर गप्प बसायचं, चावी काढायची नाही. मॅचच्या आदल्या रात्री उगाच सगळे स्क्रू आवळणारे वडील मी पाहिलेत. पोरगी सकाळी रायफल उचलते आणि म्हणते, "बाबा, ही माझी नाहीये."

म्हणून डब्यात एक चाळीस पानी वही असते. सायट शून्यापासून किती क्लिक (खटके) फिरवली, चीकपीस कितव्या खुणेवर, बटप्लेट किती बाहेर. शेजारी स्टीलपट्टी ठेवून काढलेले फोटो मोबाइलमध्ये असतातच, पण मोबाइल फायरिंग पॉइंटवर नेता येत नाही. वही माझ्याकडे मागे.

हवेबद्दल जरा दरडावून बोलतो. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. तुमच्या सिलिंडरमध्ये 200. जोडावर पाना लावायच्या आधी सिलिंडर उतरलेला हवा, आणि आत अडकलेली हवा नळी लक्ष्याकडे ठेवून, रेंज ऑफिसरच्या परवानगीनेच सोडायची. तिथे साधं मशीन ऑइल किंवा ग्रीस लावायचं नाही, सिलिकॉन ग्रीसच, तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढं. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. कंपनीने दिलेली मुदत, बहुतेक वेळा दहा वर्षं, संपली की तो बाद. मॅचच्या तपासणीत तारीख बघतात आणि मग रडून उपयोग नसतो. विमानाने जाणार असाल तर सिलिंडर रिकामा करूनच न्या. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रायफल रिकामी असल्याचं दाखवणारी नळीतली पट्टी, दोन न्या, कारण एक हमखास दुसऱ्याच्या बॅगेत जातो.

साफसफाईचा रॉड डब्यात मावत नाही, म्हणून लोक तीन तुकड्यांचा घेतात. मी अखंड घेतो, जुन्या पडद्याच्या पाइपात घालून. पेलेट, म्हणजे एअर रायफलची गोळी, नळीत अडकला की जोडाचा रॉड वाकतो. पेलेट हाताळल्यावर हात धुवा, ते शिसं आहे. त्याच हाताने वडापाव खाऊ नका.

आता दाभण. राज्य पातळीवरची मॅच, मुलगी जॅकेट चढवतेय आणि मधलं बटण टप्पकन उडालं. रायफलीचे सतरा पार्ट डब्यात, पण सुई नाही. एका आईने पर्समधून सुई-दोरा काढून दिला. ती सुई कॅनव्हास आणि चामड्याच्या थरात शिरेना. माझी दोन बोटं फुटली, सुई मोडली. शेवटी रेंजच्या गेटबाहेर बसलेल्या चांभारकाकांकडे धावलो. त्यांनी दाभणाने चार भोकं पाडली, मेणाचा दोरा ओवला, दोन मिनिटांत बटण पक्कं. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी पोरीला आत पाठवा." परत येताना त्यांच्याकडूनच एक दाभण आणि दोऱ्याची गुंडी विकत घेतली. हातोडी निघाली ती त्या दिवशी, तिच्या जागी हे आलं.

माझा डबा आता दीड किलोचा आहे. तो तुमच्यात फिरवतो, उघडून बघा, फोटो काढा. चाव्या त्याच खाचांत परत ठेवा. आणि ते दाभण बुचात खोचलेलं आहे, लहान मुलांनी काढू नका. गेल्या वेळी ते परत आलं नव्हतं.