प्रोसिडिंगात लिहा

श्रोतेहो, नमस्कार.

कचेरीत पाऊल टाकलं की आपला आवाज आपोआप खाली येतो. टेबल त्यांचं, खुर्ची त्यांची, पंखाही त्यांच्याच डोक्यावर. पण तोच साहेब ग्रामसभेला गावात आला, की पार आपला असतो.

आमच्या गावची गोष्ट सांगतो. १ मेची सभा, मारुतीच्या देवळापुढे सतरंज्या अंथरलेल्या. तालुक्याहून मोठे साहेब आले होते. निधी, योजना सगळं बोलून झालं. तेवढ्यात बायकांतून एक मावशी उठल्या.

"साहेब, टाकी बांधून दोन वर्सं झाली. पाणी कवा?"

साहेब हसले. "मावशी, कार्यालयात या ना, निवांत बोलू."

हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल!

"तिथं आलं की तुमी मीटिंगला असता. हितंच सांगा. न्हाईतर प्रोसिडिंगात लिहा, उत्तर मिळालं न्हाई म्हणून."

सभा चिडीचूप. ग्रामसेवकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, साहेबांकडे पाहिलं. पण आता सगळं गाव त्या प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या, वहीकडे बघत होतं. लिहावं लागलं.

गंमत अशी, की ही ताकद १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानेच दिलेली आहे. वर्षाला किमान चार सभा. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला, १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांत जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अटच नाही. मग पंधरा-वीस डोकी बसतात आणि वहीत 'सर्वानुमते मंजूर' पडतं. काही ठिकाणी सह्या आधी, मजकूर मागाहून. म्हणून वाचल्याशिवाय सही करू नका. वहीची नक्कल हवी असेल तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज करा, नकलेचं शुल्क तेवढं वेगळं.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवतं का? 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. आपल्या जंगलातल्या बांबूवरचा हक्क त्यांनी सोडला नाही. शेवटी २०११ साली केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. गाव मुंबईला गेलं नाही, मुंबई गावात आली.

आमच्या टाकीला पाणी यायला पुढे चार महिने लागले. मावशी १५ ऑगस्टच्या सभेला हजर होत्याच, वही वाचून दाखवा म्हणाल्या. आणि २ ऑक्टोबरला, पाणी आल्यावर, पुन्हा उठल्या. या वेळी गटाराचं विचारायला.