घोडा का बसला?

श्रोतेहो, नमस्कार. घोडा का अडला, भाकरी का करपली, या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर आपणा सर्वांना पाठ आहे. आज मात्र मला अडलेल्या नव्हे, तर बसलेल्या घोड्याची हकिकत सांगायची आहे, आणि तोही साधासुधा घोडा नव्हे, तर रानघोडा.

मंगोलियात या घोड्याला ‘ताखी’ म्हणतात. शास्त्राच्या पुस्तकांत त्याला प्रझेवाल्स्की या रशियन प्रवाशाचे नाव मिळाले आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याला पाहणाऱ्यांचा शब्द बाजूला सारून वाटसरूचे नाव चिकटवण्याची ही रीत मला कधीच पटली नाही, म्हणून आपण ताखीच म्हणू. तो अंगाने ठेंगणा, रंगाने वाळल्या गवतासारखा, नाकाडापाशी पांढुरका असतो आणि त्याची आखूड आयाळ कुंचल्यासारखी ताठ उभी राहते.

१९६९ साली गोबीच्या प्रदेशात शेवटचा मोकळा ताखी दिसला. १९६९ हे साल ध्यानात असू द्यावे, कारण त्यानंतर ही जात केवळ प्राणिसंग्रहालयांतच उरली. आणि आजचे सारे ताखी पूर्वी रानातून पकडलेल्या जेमतेम डझनभर घोड्यांचे वंशज आहेत. १९९२ मध्ये नेदरलँड्समधून विमानाने नेलेले ताखी मंगोलियातील हुस्ताई येथे उतरले, आणि तेथून त्यांचे रानात परतणे सुरू झाले.

आता ती हकिकत. जून २०२४ मध्ये कझाकस्तानच्या गवताळ माळावर, जेथून ताखी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता, तेथे प्राग व बर्लिन येथील प्राणिसंग्रहालयांतून आठ घोडे धाडायचे ठरले. चेक लष्कराची मालवाहू विमाने सज्ज झाली, प्रत्येक घोड्यासाठी अरुंद लाकडी पेटी आली, आणि प्रागहून विमान उडण्यापूर्वीच आठांपैकी एकाने पेटीत चक्क बसकण मारली. आपल्याला वाटेल, बसला तर बसला, प्रवास लांबचा आहे. परंतु घोड्याचे तसे नाही. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढू शकतो. उलट, अरुंद जागेत तासन्‌तास बसून राहिला, तर त्याच्याच देहाच्या भाराने स्नायूंतील रक्तप्रवाह अडतो, आणि उठण्याच्या धडपडीत त्याला इजाही होऊ शकते. म्हणून घोडा उभाच हवा. पुन्हा सांगतो, विमानात घोडा उभाच हवा. आंदोलकाने कचेरीच्या दारात मारावा तसा ठिय्या मारलेल्या त्या घोड्याला अखेर उतरवून माघारी प्राणिसंग्रहालयात पाठवावे लागले, आणि एवढी लष्करी सिद्धता त्याच्यापुरती वाया गेली.

उरलेले सात अर्कालिकच्या धावपट्टीवर उतरले व तेथून ट्रकने माळाकडे निघाले. त्यांना लगेच मोकळे सोडायचे नव्हते. आधी कुंपणात ठेवून, बर्फाखालचे गवत खुरांनी उकरून खाता येते की नाही, हे पाहायचे होते.